गर कोणाचा, कवच कोणाचे?
(मोबाइलमधील मुक्त प्रणालींच्या धडपडीचा इतिहास)



इतिहासाच्या तासाला विद्यार्थी कधी कधी असा प्रश्न विचारतात की, त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आमच्या वर्गातील एका मुलाने असाच एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, माझा मोबाइल पडला नाही, भिजला नाही, बॅटरीही चांगली आहे. मग तो जुना झाला, त्याला आता नवीन सुधारणा मिळणार नाहीत, असे कंपनी कशावरून म्हणते?" मी त्या वेळी "पुढच्या तासाला सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. सन २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलच्या पडद्यावर आली, तेव्हा आपल्यापैकी कित्येक घरांनी पोटाला चिमटा घेऊन, कोणी उसनवारी करून, मुलांसाठी मोबाइल विकत घेतला. एवढ्या कष्टाने घेतलेली वस्तू तीन-चार वर्षांत 'जुनी' ठरते. वस्तू आपल्या हातात असते, पण ती केव्हा निकामी व्हावी याचा निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. असे का होते आणि ते तसे होऊ नये म्हणून जगात कोणी काय धडपड केली, हा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो आपण थोडक्यात पाहू.

कर्नेल म्हणजे काय?

प्रथम एक शब्द समजून घेऊ. संगणक काय किंवा मोबाइल काय, त्याच्या कार्यप्रणालीच्या अगदी आतल्या गाभ्याला 'कर्नेल' म्हणतात. सैन्यातला कर्नल तो वेगळा. हा कर्नेल म्हणजे गर. आपल्या कोकणातील काजूगर परदेशी पाठवताना व्यापारी इंग्रजीत हाच शब्द वापरतात. कवच फोडल्यावर जो खरा मोलाचा भाग मिळतो, तो कर्नेल.

मोबाइलच्या पडद्यावर आपण जे पाहतो ती वरची साल. बोट लागले हे ओळखणे, कॅमेरा चालू करणे, आवाज स्पीकरपर्यंत पोचवणे, कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची ते ठरवणे ही सर्व कामे आत बसलेला कर्नेल करतो. एकेका यंत्रभागाशी बोलण्यासाठी कर्नेलजवळ छोटे छोटे प्रोग्राम असतात. त्यांना 'ड्रायव्हर' म्हणतात. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नसेल तर कॅमेरा म्हणजे नुसती काच. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

हेलसिंकीचा विद्यार्थी

सन १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञाने 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगशाळेत काम करताना तेथील प्रिंटरचा प्रोग्राम सुधारण्यासाठी त्याला त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हवी होती. ती त्याला नाकारण्यात आली. आपण वापरतो ते यंत्र समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला असला पाहिजे, या विचाराचा त्याने पुढे आयुष्यभर पाठपुरावा केला. सन १९८९ मध्ये त्याने एक परवाना तयार केला व सन १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. तोच प्रसिद्ध जीपीएल परवाना.

त्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट १९९१ मध्ये, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचे नाव लिनक्स. सन १९९२ मध्ये त्याने ती जीपीएल परवान्याखाली आणली.

या परवान्याची अट आपल्या समाजाला चटकन समजेल. आपल्याकडे वक्फची कल्पना शेकडो वर्षे रुजलेली आहे. एखाद्याने विहीर वक्फ केली की ती विकता येत नाही, वारसाहक्काने वाटून घेता येत नाही. पाणी मात्र सर्वांना मिळते. जीपीएलचे बरेचसे असेच आहे. प्रोग्राम कोणीही वापरावा, वाचावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा, विकावासुद्धा. पण सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती देताना त्याची मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. विहिरीवर नवा रहाट बसवलात तरी विहिरीला कुलूप लावता येणार नाही. तुलना अगदी तंतोतंत नाही, परंतु मर्म हेच.

ही अट केवळ सदिच्छेची नव्हे. सन २००४ मध्ये जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे या लिनक्स कार्यकर्त्याने दाखल केलेल्या प्रकरणात हा परवाना कायद्याने बंधनकारक आहे, असा निर्णय दिला.

अँड्रॉइडचे आगमन

आता मोबाइलकडे वळू. गूगलने सन २००५ मध्ये अँड्रॉइड नावाची लहानशी कंपनी विकत घेतली आणि सन २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड मोबाइल बाजारात आला. या प्रणालीच्या पोटात कर्नेल होता तो लिनक्सचाच. एका विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेला कर्नेल अशा रीतीने कोट्यवधी लोकांच्या खिशात गेला. आज तुमच्या घरात अँड्रॉइड मोबाइल असेल, तर तुम्ही न कळत लिनक्स वापरत आहात.

मग प्रश्न येतो, गर जर मुक्त आहे, तर मोबाइल बंदिस्त कसा?

उत्तर असे. मोबाइलचा मुख्य भाग म्हणजे त्यातली चिप. ती बनवणारी क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी कंपनी मुख्य लिनक्सची एखादी आवृत्ती उचलते आणि आपल्या चिपसाठी तीत लाखो ओळींची भर घालते. त्यावर मोबाइल बनवणारी कंपनी पडदा, कॅमेरा, चार्जिंग इत्यादींसाठी आणखी भर घालते. असा जो कर्नेल तयार होतो, तो 'विक्रेत्याचा कर्नेल'. ही भर मुख्य लिनक्समध्ये परत पाठवण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. कारण ती सर्वांना चालेल अशी नीटनेटकी करून द्यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत बाजारात पुढचे मॉडेल आलेले असते. नदीचा एक फाटा बाजूला काढावा व पुढे त्याचा मूळ प्रवाहाशी संबंधच तुटावा, तसे हे घडते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जीपीएलची अट कर्नेलला लागू होते, त्याच्या बाहेरच्या भागाला नाही. अँड्रॉइडचा वरचा भाग वेगळ्या, सैल परवान्याखाली आहे. त्यामुळे कॅमेरा, चित्रे रेखाटणारा भाग इत्यादींच्या ड्रायव्हरचे मर्म कर्नेलबाहेर, बंद पेटीसारख्या फाइलींत ठेवण्याची प्रथा पडली. विहीर सर्वांसाठी खुली. पण दोर आणि बादली मुतवल्लीच्या कोठीत! कायद्याचे शब्द पाळले जातात, हेतू मात्र बाजूला राहतो.

आपल्या घरातील संगणकाचे तसे नाही. त्यात कोणते भाग कोठे बसवले आहेत हे संगणक स्वतःच कार्यप्रणालीला सांगतो. मोबाइलच्या चिपमध्ये ही सोय नसते. प्रत्येक मोबाइलचा नकाशा वेगळा लिहून द्यावा लागतो. एकेक मोबाइल म्हणजे जणू बिनपाट्यांचे एकेक गाव. सन २०११ मध्ये खुद्द टोरवाल्ड्सने या गोंधळाबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर हे नकाशे 'डिव्हाइस ट्री' नावाच्या एका ठराविक पद्धतीने लिहिण्याची शिस्त हळूहळू लागली.

बुडती नोकिया आणि दुभाष्या

या बंदिस्तपणाला पर्याय शोधण्याची कथा युरोपात घडली. नोकिया ही फिनलंडची कंपनी एके काळी मोबाइलच्या जगाची सम्राज्ञी होती. तिने सन २००५ पासून 'माएमो' नावाची लिनक्सवर आधारित प्रणाली विकसित केली व सन २००९ मध्ये 'एन ९००' हा मोबाइल काढला. खिशात मावणारा खराखुरा लिनक्स संगणक म्हणून जाणकार आजही त्याचे नाव काढतात. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली आणि लिनक्सचे काम मागे पडले.

तेव्हा नोकियातून बाहेर पडलेल्या काही मंडळींनी सन २०११ मध्ये 'योला' ही छोटी कंपनी काढली. योला म्हणजे फिनिश भाषेत लहान होडी. मोठे जहाज सोडलेल्यांची ही होडी! पण त्यांच्यापुढे अडचण होती. चिप बनवणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर देत होत्या ते फक्त अँड्रॉइडसाठी. एका लहान कंपनीसाठी वेगळे ड्रायव्हर लिहून कोण देणार?

या अडचणीवर कार्स्टन मुंक या प्रोग्रामरने सन २०१२ च्या सुमारास एक युक्ती काढली. अँड्रॉइडचे बंद ड्रायव्हर 'बायॉनिक' नावाच्या पायाभूत ग्रंथालयाशी बोलतात, तर सर्वसाधारण लिनक्स 'जीलिबसी' नावाच्या दुसऱ्या ग्रंथालयाशी. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही. मुंकने त्या दोघांमध्ये एक दुभाष्या उभा केला. त्याचे नाव 'लिबहायब्रिस'. या दुभाष्यामुळे अँड्रॉइडसाठी बनलेला विक्रेत्याचा कर्नेल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे ठेवून त्यांच्यावर वेगळी मुक्त प्रणाली चालवता येऊ लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये योलाचा पहिला मोबाइल याच तत्त्वावर बाजारात आला. त्यातील प्रणालीचे नाव 'सेलफिश'.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. आठव्या-नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक आणि संस्कृत ग्रंथ अरबीत उतरवण्याचे प्रचंड काम झाले, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. अल्-ख्वारिज्मीच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द आला. ते भाषांतरकार आणि हा दुभाष्या यांच्यात काळाचे मोठे अंतर आहे; परंतु दुसऱ्याच्या घरात अडकलेली विद्या आपल्या भाषेत आणणे, ही प्रेरणा एकच.

कंपनीने सोडले, लोकांनी उचलले

सन २०१३ च्या जानेवारीत उबुंटू ही लोकप्रिय लिनक्स प्रणाली बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने मोबाइलसाठी 'उबुंटू टच' जाहीर केले. त्याच वर्षी तिने एका खास मोबाइलसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर उभारण्याचा संकल्प सोडला; पण जमले सुमारे १ कोटी २८ लाख, आणि तो बेत सोडून द्यावा लागला. सन २०१५ मध्ये स्पेनमधील बीक्यू कंपनीने उबुंटूचा पहिला मोबाइल विक्रीस आणला. तथापि पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत आणि एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी हे काम थांबवत असल्याचे जाहीर केले.

येथे साधारणतः गोष्ट संपायची. परंतु संहिता मुक्त होती, म्हणून संपली नाही. नॉर्वेच्या मारिउस ग्रिप्सगार्ड या तरुणाने सुरू केलेल्या 'यूबीपोर्ट्स' या स्वयंसेवकांच्या गटाने ते काम उचलले व आजतागायत चालू ठेवले आहे. त्याच सन २०१७ मध्ये 'हॅलियम' हा प्रकल्प निघाला. प्रत्येक गट आपापल्या परीने विक्रेत्याच्या कर्नेलशी झगडत होता. त्याऐवजी खालचा थर सर्वांनी मिळून एकदाच बांधावा आणि वर ज्याने त्याने आपली प्रणाली ठेवावी, ही त्यामागची कल्पना. एकाच जोत्यावर अनेक घरे!

मात्र या मार्गाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उदाहरण म्हणून सन २०१३ चा 'नेक्सस ५' हा मोबाइल घ्या. त्याच्या पोटात लिनक्सचा ३.४ हा, सन २०१२ मध्ये निघालेला कर्नेल होता. सन २०१६ मध्ये कंपनीच्या सुधारणा थांबल्या, तेव्हा मुख्य लिनक्स ४.८ पर्यंत पोचले होते. या मोबाइलचा कर्नेल मात्र ३.४ वरच. पुढे त्यावर उबुंटू टच चालले, पण तेही त्याच ३.४ वर. कारण बंद पेटीतील ड्रायव्हर त्या कर्नेलशी जखडलेले. घराला रंग नवा, छप्पर नवे. पाया मात्र जुनाच, आणि त्या पायाला पडलेल्या भेगा बुजवणारे कोणी नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. मोबाइल बिघडत नाही. त्याच्या गराची देखभाल करणारे निघून जातात. चिप बनवणारा हात आखडता घेतो, की त्यामागून मोबाइल बनवणाराही हात झटकतो.

दुसरा मार्ग : मूळ प्रवाहाकडे

म्हणून काहींनी दुसरा, अधिक कष्टाचा मार्ग धरला. मे २०१७ मध्ये ऑलिव्हर स्मिथ या तरुणाने 'पोस्टमार्केटओएस' प्रकल्प जाहीर केला. मोबाइलला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हे त्याचे ध्येय. विक्रेत्याचा कर्नेल सुरुवातीपुरता चालवून घ्यायचा, पण अखेर त्या मोबाइलचे ड्रायव्हर नव्याने, खुलेपणाने लिहून मुख्य लिनक्समध्ये दाखल करायचे. एकदा ते तेथे गेले की जगभरचे लोक मुख्य लिनक्सची देखभाल करतात, त्यात या मोबाइलचीही आपोआप होते. वर सांगितलेल्या नेक्सस ५ साठीही स्वयंसेवकांनी असे बरेच काम केले. हा मार्ग खरा स्वातंत्र्याचा, पण संथ. पडदा लागतो, वायफाय चालते, आणि कॅमेरा मात्र वर्षानुवर्षे रुसून बसतो.

तिसरा मार्ग म्हणजे मुळातच मुख्य लिनक्सवर चालेल असा मोबाइल बनवणे. सन २०२० पासून लोकांच्या हाती आलेला 'पाइनफोन' हे त्याचे उदाहरण. तेव्हा त्याची किंमत सुमारे १५० डॉलर होती. पण तो नेहमीच्या अँड्रॉइड मोबाइलच्या मानाने मंद होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

भारताचा धागा

हा सगळा इतिहास परदेशातलाच, असे कोणी समजू नये. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सन २०११ मध्ये एक मुक्त मोबाइल प्रणाली हाती घेतली. तिचाही खालचा थर अँड्रॉइडकडचा, म्हणजे तोच कर्नेल आणि तेच विक्रेत्याचे ड्रायव्हर. ऑगस्ट २०१४ मध्ये तिचा 'इंटेक्स क्लाउड एफएक्स' हा मोबाइल आपल्या देशात १,९९९ रुपयांना मिळू लागला. सन २०१५ च्या अखेरीस मोझिलाने मोबाइलचा नाद सोडला. पण संहिता मुक्त असल्याने तिच्यातूनच पुढे 'कायओएस' उभी राहिली आणि सन २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये ती बसली. बटणांचा तो मोबाइल आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आला असेल. हेलसिंकीच्या विद्यार्थ्याचा गर आणि मोझिलाने सोडून दिलेली साल असा दुहेरी वारसा त्यात होता, हे किती जणांना ठाऊक होते?

कंपन्या आणि सरकारेही हळूहळू वळत आहेत. गूगलने सन २०१७ मध्ये अँड्रॉइडचा वरचा भाग विक्रेत्याच्या भागापासून वेगळा काढला. सन २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून नव्या मोबाइलसाठी सर्वसामान्य कर्नेल एक आणि विक्रेत्याची भर निराळ्या तुकड्यांत, अशी व्यवस्था सुरू झाली. हॉलंडमधील फेअरफोन कंपनीने चिप बनवणाऱ्याने साथ सोडल्यावरही, स्वयंसेवकांच्या मुक्त कामाचा आधार घेऊन, सन २०१५ चा आपला मोबाइल सन २०२३ पर्यंत सांभाळला. जून २०२५ पासून युरोपीय संघात एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सुधारणा देणे कायद्याने भाग आहे. म्हणजे जे 'अशक्य' म्हणून सांगितले जात होते, ते मुळात अशक्य नव्हतेच.

यातून आपण काय घ्यावे?

पालकहो, मोबाइल विकत घेताना आपण कॅमेरा पाहतो, रंग पाहतो. त्याबरोबर दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारा : याला किती वर्षे सुधारणा मिळणार? जो मोबाइल सात वर्षे चालेल तो थोडा महाग असला तरी अखेर स्वस्त पडतो.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून घरातील एकुलत्या एका मोबाइलवर लगेच प्रयोग करू नका. कुलूपबंद बूटलोडर उघडताना मोबाइलमधील सर्व माहिती पुसली जाते, हमी जाऊ शकते आणि बँकेची कित्येक अॅप्स चालत नाहीत. जुना, बाजूला पडलेला मोबाइल घ्या, आधी वाचा, जाणकारास विचारा, मग हात लावा. मोबाइल नसेल तर शाळेतील संगणकावर लिनक्स शिका. त्यास पैसे पडत नाहीत, चिकाटी पडते.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. वर ज्यांचा उल्लेख आला त्यांच्यापैकी कित्येक जण कामाला लागले तेव्हा तुमच्यापेक्षा फार मोठे नव्हते. त्यांच्याजवळ कारखाना नव्हता. बंद पेटी पाहून "हे आपले काम नव्हे" असे म्हणून ते उठून गेले नाहीत, एवढेच. आपल्या समाजात "आपण फक्त वापरणारे, बनवणारे दुसरे" ही भावना फार खोल गेली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. ज्यांच्या पूर्वजांनी बीजगणिताला नाव दिले, त्यांच्या मुलांनी यंत्राला हात लावताना भ्यावे, हे बरे नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांनी ही शिक्षणसंस्था काढली ती मुलांनी केवळ दाखला घेऊन बाहेर पडावे म्हणून नव्हे; कवच फोडून गरापर्यंत जाण्याची त्यांना हिंमत यावी म्हणून.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याला मी आता एवढेच सांगेन : बाळा, तुझा मोबाइल जुना झालेला नाही. त्याला सांभाळणारे हात कमी पडले आहेत. त्या हातांत एक दिवस तुझाही हात असो.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि ते सर्वांच्या उपयोगी आणण्याची तौफीक देवो. आमीन.